खांद्यावरचा कासरा

“कुत्रं तुमचं, कासरा तुमचा, आन् फाडलं मला! कासरा कुत्र्याच्या गळ्यात असतो का मालकाच्या खांद्यावर, आं काका?”

“ए पोरी, आवाज खाली. तूच दगड उचलला असशील. त्याबिगर ते कुणाच्या अंगावर जातच न्हाई.”

“दगड? बुटाची नाडी बांधायला वाकले होते मी! बघा की, सुटलेलीच हाय अजून.”

मित्रांनो, ती पोरगी ज्याच्याबद्दल बोलून राहिली होती तो कासरा मीच. मी एक जुना कासरा हाय. आन् तिचं खरं होतं, त्या टायमाला मी मालकाच्या, वैजनाथच्या खांद्यावरच होतो, टॉवेल टाकल्यासारखा. जागा लातूरची एक बाग. सकाळचे सव्वासहा. पोरीचं नाव स्वप्नाली. उदगीरची. पोलीस भरतीसाठी इथं खोली घेऊन राहिलेली, रोज बागेच्या ट्रॅकवर पळायची. तिच्या पोटरीतून रक्त निघून मोज्यात उतरायलं होतं. आन् ते काम केलेला काजळ्या, आमचं काळं कुत्रं, काहीच झालं न्हाई अशा थाटात वैजनाथच्या पायापाशी बसून जांभई देत होता.

मी सगळं बघितलं होतं. पण कासऱ्याची गवाही घेतंय कोण? म्हणून तुम्हाला सांगतो. आन् पहिल्यापासून सांगतो, मधूनच ऐकलं तर तुम्हीबी दगडाची गोष्ट खरी मानाल.

माझा जन्म औशाकडच्या एका शेतातला. वैजनाथचा बाप दगडोबा. त्यानं अंबाडी भिजू घातली, सोलली, वाख काढून वाळवला आन् मला तीन पदरात वळलं. वळताना मला मांडीवर घासायचा. घासून घासून त्याच्या उजव्या मांडीचे केस गेलेले. पोटच्या पोराशीबी तो कधी गोड बोलला नसंल, पण माझ्यावर हात फिरवून म्हणायचा, “ऐन वख्ताला दगा देऊ नको बाबा.” लई वर्षं मी एका मारक्या बैलाची ओढ झेलली. बैल रस्ता सोडून निघाला की मी त्याला माघारी आणायचो. गावातले लोक म्हणायचे, दगडोबाचा कासरा तुटायचा न्हाई. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले आन् मी खुंटीला लागलो. एवढं कौतुक करणारे लोक, पण एकानंबी वर मान करून बघितलं न्हाई. तवापासून मी माणसाच्या गोड बोलण्यावर लवकर भरोसा ठेवत न्हाई.

शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणत्यात. आमचा आखाडा रस्त्याला लागून. हरभरा घाट्यावर आला की येणारा-जाणारा गाडी थांबवायचा, वाकायचा आन् दोन ढाळे, म्हंजे हिरव्या हरभऱ्याची झाडं, उपटायचा. “दोन ढाळ्यानं काय होतंय?” असं म्हणणारे दिवसाला चाळीस. दगडोबा बेजार झाला. तवा काजळ्या पिल्लू होता. दगडोबानं त्याला एकच गोष्ट शिकवली. उभा माणूस जाऊ द्यायचा. वाकला की सोडायचा न्हाई. घरचं कुणी ढाळे उपटायला आलं की दगडोबा वरडायचा, “आपलंच हाय!” की काजळ्या जागेवर बसायचा. लई हुशार कुत्रं. मी खुंटीवरून बघायचो आन् म्हणायचो, ह्याला शिकवणी बरी मिळाली. माझीबी चूकच झाली. शिकवणी शेतापुरती होती, हे कुत्र्याला कोण सांगणार?

दगडोबा वारला. वैजनाथनं जमीन बटईनं दिली आन् पोराच्या क्लाससाठी लातूरला बिऱ्हाड केलं. काजळ्याला आणलं. बागेच्या गेटवर पाटी, कुत्रं मोकळं आणायचं न्हाई. म्हणून मी खुंटीवरून उतरलो. पहिल्या दिवशी वैजनाथनं मला काजळ्याच्या गळ्यात बांधलं, तर ते येडं खालीच बसलं. मालकाकडं असं बघायलं जसं काही त्याला जेलात टाकलं. वैजनाथ पाघळला. “आखाड्यावर ह्याला कधी बांधलं न्हाई. कुत्र्याला बांधायचं म्हंजे त्यानं चोरी केल्यासारखं वाटतंय.”

झालं. गेटवर वॉचमन बजरंग दिसला की मी गळ्यात. वीस पावलं आत गेलं की खांद्यावर. रोजचं. तुम्हीच सांगा, चोरी कुणाची?

पहिल्यांदा रोज फिरायला येणाऱ्या उमाबाई सापडल्या. प्राजक्ताची फुलं वेचायला वाकल्या आन् काजळ्यानं त्यांना परडीसगट पाडलं. वैजनाथ म्हणला, “फुलाचा वास आवडतो त्याला.” मग व्यायामाच्या ग्रुपमधले एक जाडे साहेब. पायाचे अंगठे धरायला वाकले आन् त्यांची पँट मागून फाटली. वैजनाथ म्हणला, “खेळून राहिलंय. काही करत न्हाई.”

काही करत न्हाई! मित्रांनो, ह्या तीन शब्दांचा मला लई राग हाय. ते कायम मालक म्हणतो. ज्याची पँट फाटली तो कधीच म्हणत न्हाई.

बागेत मग सगळेच एकमेकावर शक घ्यायले. कुणी म्हणे, कुत्र्याला कुणीतरी बिस्किटं टाकून माजवलंय. कुणी म्हणे, त्याचं डोकंच फिरलंय. माझा शक मात्र एकावरच होता. मी ज्याच्या खांद्यावर होतो त्याच्यावर. कारण मला एक गोष्ट जाणवली होती. बागेत कुणी वाकलं की वैजनाथचा खांदा माझ्याखाली दगडासारखा कडक व्हायचा. कुत्रं हलायच्या आधी. मी इचार करायचो, ह्याला आधी कसं कळतंय? आन् कळतंय तर मला खाली कामून उतरवत न्हाई?

आता त्या भांडणाकडं या.

माणसं जमली. त्यात विरूपाक्ष आप्पा आले. रिटायर मास्तर, व्यायामाचा ग्रुप तेच चालवायचे. ते म्हणले, “भांडण मागून करा. आधी नळ.” त्यांनी स्वप्नालीला नळावर बसवलं आन् बजरंगच्या खोलीतून साबण आणवला.

“साबण कशाला?” वैजनाथ म्हणला. “चुना लावा. हां हां म्हणता रक्त थांबतंय.”

“चुना भिंतीला लावा,” आप्पा म्हणले. “पोरीच्या पायाला साबण आन् पाणी. पंधरा मिन्टं. मग सरळ सरकारी दवाखाना.”

एवढं बोलून आप्पा जखम बघायला खाली वाकले.

काजळ्याची जांभई अर्धीच राहिली. सुटला तो गोळीसारखा! आप्पा आन् त्याच्यात दोन हात अंतर राहिलं असंल, तेवढ्यात माझ्याखालचा खांदा हिसडला आन् वैजनाथच्या तोंडून निघून गेलं, “आपलंच हाय रं!”

काजळ्या पळता पळता बसला. मातीत दोन पाय घासले त्याचे.

नळ तसाच वाहत होता. मला वाटलं, एवढे शिकलेले लोक, कुणाच्या ध्यानात आलं का न्हाई? आलं. तिच्याच आलं.

“काका,” स्वप्नाली म्हणली. आता ती वरडत नव्हती, त्याचंच जास्त भ्या वाटत होतं. “म्हंजे तुम्हाला म्हाईत होतं. कुणी वाकलं की ते येतंय, हे म्हाईत होतं. थांबवायचं कसं, तेबी म्हाईत होतं.”

“तसं न्हाई बाई...”

“मी वाकले तवा कामून न्हाई म्हणलात? मी आपली नव्हते म्हणून?”

वैजनाथनं मान खाली घातली. मी त्याच्या खांद्यावरून घसरून खाली पडलो, त्याला कळलंबी न्हाई.

“ह्याला इंजेक्शन दिलंय?” आप्पांनी विचारलं.

“दिलंय.”

“कार्ड दाखवा.”

खिशात गेलेला हात रिकामाच बाहेर आला. “न्हाई दिलं,” वैजनाथ म्हणला.

मग स्वप्नाली रडली. कुत्र्यामुळं न्हाई. बारा दिवसांवर नांदेडला तिचं ग्राउंड, म्हंजे भरतीची मैदानी परीक्षा होती. गोळा, आठशे मीटर आन् शंभर मीटर. तिचा बाप रेवणप्पा उदगीरला दुकान बघतो. दोनदा भरती हुकल्यावर त्यानं सांगितलं होतं, ही शेवटची, मग घरी ये, स्थळं बघायचीत. डॉक्टरनं तिला इंजेक्शनाच्या तारखा लिहून दिल्या, एकबी चुकवायची न्हाई. पाच दिवस पळणं बंद. आन् कुत्र्यावर धा दिवस नजर ठेवा म्हणले, बांधून.

तवा कुठं मी खऱ्या कामाला लागलो. धा दिवस मी काजळ्याच्या गळ्याला चिकटून होतो. पाणी पितंय का, घास गिळतंय का, लाळ गळतीय का, भुंकणं बदललंय का? वैजनाथ लांबून बघायचा, मी गळ्यातून ऐकायचो. एकदा ते नुस्तं ठसकलं तर माझा पीळ आवळला. मला कुत्र्यावरबी शक, दिवसावरबी शक. रोज सकाळी वैजनाथ आप्पांना फोन लावायचा, “आजबी ठीक हाय, पोरीला सांगा.” ती एकदाबी फोनवर आली न्हाई.

धाव्या दिवशी संध्याकाळी आप्पा घरी आले. दारातूनच बोलले. “पोरगी पळायली आता. पाय बरा हाय. पण पळायच्या आधी लाईनीवर खाली वाकंना. वाकली की मागं बघती. शंभर मीटरमध्ये मागं बघणारं माणूस पहिलंच संपतंय. उद्या सकाळी तिनं तुम्हाला बोलावलंय. कुत्र्यासगट.”

वैजनाथला रातभर झोप लागली न्हाई. मला वाटलं हा जाणार न्हाई. माझा शक चुकला, तो गेला.

स्वप्नाली लाईनीवर उभी होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. गाठ बघितली, बोटानं ओढून बघितली. मग म्हणली, “सात पावलं मागं उभं राहा. घट्ट धरा. आन् ते तुमचे शब्द म्हणू नका.”

“अगं पण म्हणलं की ते बसतंय लगेच.”

“नांदेडला कोण म्हणणार हाय, काका? मला आवाज नको. धरलेलं पाहिजे.”

ती वाकली. काजळ्यानं अशी ओढ घेतली की मला तो मारका बैल बरा वाटला. खुंटीवर असताना उंदरानं माझा एक पदर कुरतडला होता, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तो पदर कट् करून तुटला. दोन पदर राहिले. ती झर्कन उठली, मागं फिरली. तिच्या कपाळावर घाम.

वैजनाथनं मला तळहाताला दोन येढे दिले. “आता वाक,” तो म्हणला. “हात तुटला तरी सुटायचं न्हाई.”

ती परत वाकली, परत उठली. परत वाकली. मोजलं न्हाई मी, माझं ध्यान माझ्या दोन पदरांवर होतं. वैजनाथची कातडी माझ्याखाली सोलून निघाली, रक्त माझ्या वाखात मुरलं, पण त्यानं तोंड उघडलं न्हाई. काजळ्याबी दमलं. शेवटाला ती वाकली, बोटं लाईनीला टेकवली आन् तशीच राहिली. एक, दोन, तीन. आप्पांनी शिट्टी मारली. ती गेली! मागं बघितलं न्हाई. आम्ही तिघं बघत राहिलो, मी, काजळ्या आन् वैजनाथ. पळणाऱ्या माणसाच्या मागं काजळ्या कधीच जात न्हाई, ही त्याच्यातली एक चांगली गोष्ट.

पळून आल्यावर ती वैजनाथच्या हाताकडं बघून म्हणली, “साबण लावा. चुना नको.” तेवढंच. माफ केलं का न्हाई, ते कळलं न्हाई. मला वाटतं, न्हाईच.

मित्रांनो, मी शिकलेला न्हाई, मला नीट समजावून सांगता येत न्हाई. पण कुत्रं पाळलं तर त्याचे लाड करा, त्याला इंजेक्शन द्या, आन् दुसऱ्याच्या जागेत त्याला धरून ठेवा. बांधलं म्हणून ते चोर होत न्हाई. मोकळं सोडून त्याच्या चुका झाकणारा मालक मात्र होतो. आन् बागेत कुणी तुम्हाला “काही करत न्हाई” म्हणलं की कुत्र्याकडं बघू नका. मालकाचा खांदा बघा.

हे सगळं मी आजच कामून सांगून राहिलो? आज तिचं ग्राउंड होतं. आम्ही बागेत बाकड्यावर हावोत. मी गळ्यात, वैजनाथच्या मुठीत. आत्ताच आप्पांचा फोन वाजला, त्यांनी आवाज मोठा केला.

“शरणार्थी आप्पा!” स्वप्नालीनं आधी नमस्कार घातला. “निघालं ग्राउंड! शंभरला माझ्या गटात पहिली आले!”

आप्पांनी टाळ्या वाजवल्या. बजरंग गेटवरून पळत आला. वैजनाथनं डोळे पुसले, हसला, काजळ्याच्या पाठीवर थाप मारली. सगळं छान चाललंय.

पण त्याची बोटं माझ्या गाठीवर आलीत.

“लई दिवस बांधून ठेवलं बिचाऱ्याला,” तो म्हणायलाय. “आज आनंदाचा दिवस हाय. एक चक्कर मोकळी मारू दे.”

गाठ ढिली व्हायलीय. मी आवळून धरतोय, पण पदर दोनच हायत. आन् तिकडं कारंज्यापाशी एक म्हातारे गृहस्थ पडलेला चष्मा उचलायला खाली वाकून राहिलेत. मित्रांनो, बोलायला येळ न्हाई, मला आता जावं लागंल.