सोळा हजार ओळी आणि एक नाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कोल्हारच्या एका इस्पितळात, एक्स-रेच्या खोलीमागे, लोखंडी टेबलाखाली मी दहा वर्षं उभा आहे. पाठीशी भिंत आहे आणि समोर एक खुर्ची.

माझे भाग कुठून कुठून आले ते मला माहीत नाही. मला जोडलं नगरच्या एका दुकानात. शहराचं नाव आता बदललं आहे, माझ्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर जुनंच आहे.

माझ्यात एकच मोठं सॉफ्टवेअर भरलं होतं. इस्पितळात यंत्रं पुष्कळ असतात. नोंदणीचा संगणक प्रयोगशाळेला कळवतो, प्रयोगशाळा वॉर्डाला कळवते. कोण कोणाशी जोडलेलं आहे आणि एक बंद पडलं तर कोण कोण अडेल, याचा नकाशा ते सॉफ्टवेअर काढायचं.

नकाशा भरायचं काम बिभीषणकाकांचं. ते काष्टीचे. वायरमन म्हणून लागले आणि हळूहळू संगणक विभागात आले. ते आधी जाऊन बघायचे, वायर हाताने चाचपायचे आणि मगच लिहायचे. प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. तिथे ते स्वतःचं नाव घालत.

त्या काळात माझं कौतुक झालं. तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी माझ्या पडद्यासमोर फोटो काढून घेतले. काका फोटोत आले नाहीत. पडद्याची वायर सैल होती, ती धरून ते मागे बसले होते.

पुढे नवी इमारत उठली. नवा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची माहिती सांभाळणारा मोठा संगणक, येणार आणि जिन्याखालचा जुना सर्व्हर बंद होणार असं ठरलं. जुन्यावर काय काय अवलंबून आहे ते कळावं म्हणून काकांनी सगळं इस्पितळ पुन्हा पालथं घातलं. दोन वर्षांत अठरा हजार ओळींची एक फाइल तयार झाली. ती नकाशात ओढून घेणं, म्हणजे इम्पोर्ट करणं, एवढंच राहिलं होतं.

जानेवारीत एका सकाळी काका आले नाहीत. झोपेतच गेले, असं लोक म्हणाले. आठवडाभरात कार्यालयाने कर्मचाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. तसा नियमच आहे. मला वाईट वाटलं, असं मी म्हणणार नाही. मला काय वाटलं ते मला सांगता येत नाही.

खुर्चीवर धनश्री बसू लागली. ती शेवगावची, काकांच्या हाताखाली पाच वर्षं शिकलेली. ती रडली नाही. खुर्ची तिला उंच पडायची, पाय टेकायचे नाहीत. तिने ती खाली केली नाही.

जुना सर्व्हर शनिवारी बंद करायचा होता. सोमवारी सकाळी आठला धनश्रीने काकांची फाइल मला दिली. एवढ्या ओळी मी एरवी वीस मिनिटांत घेतल्या असत्या. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मी जेमतेम सात हजार ओळींवर पोचलो. सहाला माहितीच्या रोजच्या प्रती, म्हणजे बॅकअप, काढायचं काम सुरू झालं, इम्पोर्ट तुटला आणि घेतलेलं सगळं पुसलं गेलं.

मंगळवारी तिने माझी मेमरी वाढवली. बुधवारी व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामला त्या फाइलपासून लांब ठेवलं. प्रत्येक ओळीला नकाशा पुन्हा रेखाटला जाऊ नये म्हणून चित्राच्या खिडक्या बंद केल्या. काही उपयोग झाला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना तिने फोन केला. यंत्र जुनं झालंय, बदलून टाका, असं ते म्हणाले.

विभागप्रमुख मच्छिंद्र सर गुरुवारी सकाळी आले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्यावर वरून तारखेचं दडपण होतं. नकाशा झाला तर ठीक, नाही झाला तर शनिवारी तसाच सर्व्हर बंद करू आणि हा डबा भंगारात देऊ, असं त्यांनी सांगितलं. डबा म्हणजे मी. धनश्रीने मान हलवली.

सर गेल्यावर तिने फाइलमधल्या फक्त दहा ओळी काढल्या. त्या नव्या इमारतीतल्या, तिने स्वतः भरलेल्या होत्या. त्या मी क्षणार्धात घेतल्या. मग तिने जुन्या इमारतीतल्या दहा ओळी दिल्या. त्यांना मला पन्नास सेकंद लागले. तिने दोन्ही छापून कागद शेजारी शेजारी ठेवले आणि रकान्यांवरून बोट फिरवत गेली. बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.

मित्रांनो, दोष माझ्या वयाचा नव्हता. कोणतीही ओळ घेताना मला कर्मचाऱ्यांच्या यादीला विचारावं लागे, ही जबाबदार व्यक्ती आहे का? धनश्रीचं नाव विचारलं की लगेच 'आहे' असं उत्तर येई. बिभीषणकाकांचं विचारलं की उत्तरच येत नसे. मी पाच सेकंद वाट बघायचो, 'व्यक्ती सापडली नाही' असं माझ्या नोंदवहीत लिहायचो आणि पुढच्या ओळीला पुन्हा तेच नाव विचारायचो. अशा सोळा हजार ओळी होत्या. सोमवारपासून मी दुसरं काहीच केलं नव्हतं.

धनश्रीने माझी ती नोंदवही उघडली. एकच वाक्य खाली खाली जात होतं. ती बराच वेळ ते सरकवत राहिली. मग हात मांडीवर ठेवून बसली.

दुपारी मच्छिंद्र सरांना तिने सगळं दाखवलं.

"मग नाव काढून टाक," सर म्हणाले.

"काढलं की काम होईल, सर. पण मग विचारायचं कोणाला, हे पुढे कुणालाच कळणार नाही."

"तुझं घाल."

"त्यातली निम्मी यंत्रं मी पाहिलीसुद्धा नाहीत."

सरांनी छापलेले कागद तिच्याकडे परत सरकवले. "मग बघून ये हळूहळू," ते म्हणाले. तेवढं एक वाक्य त्यांनी हळू आवाजात उच्चारलं.

शुक्रवारी सकाळी तिने सोळा हजार ओळींत स्वतःचं नाव घातलं आणि 'माहिती देणारे' असा नवा रकाना करून काकांचं नाव तिथे ठेवलं. त्या रकान्यात मला कुणाला काही विचारायचं नसतं. इम्पोर्ट एकोणीस मिनिटांत झाला.

नकाशा उघडला तेव्हा जुन्या सर्व्हरपासून एक रेघ रक्तपेढीकडे गेलेली दिसली. नव्या आराखड्यात ती नव्हती. तिच्यावर काकांचा शेरा होता, 'हे हालवायचं न्हाई. आदी रक्तपेढीत विचारा.' ते बोलायचे तसंच लिहायचे.

धनश्रीने रक्तपेढीतल्या शिफाला बोलावलं. रक्ताच्या फ्रिजचं तापमान वाढलं की शिफाच्या मोबाईलवर फोन जाई. दोघींनी रक्ताच्या पिशव्या दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवल्या, जुन्या सर्व्हरची वायर काढली आणि रिकाम्या फ्रिजचं दार उघडं ठेवलं. पारा चढत गेला, मोबाईल वाजला नाही. वायर परत लावली तेव्हा तो वाजला.

"सहा वर्षं मी या फोनच्या भरवशावर घरी जाते," शिफा म्हणाली.

शनिवारचं काम पुढे ढकललं. रक्तपेढीची वायर नव्या सर्व्हरला जोडली, तपासली, आणि नऊ दिवसांनी जुना सर्व्हर बंद झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. न घडलेल्या गोष्टीसाठी कोण वाजवणार?

मार्चमध्ये काकांच्या पत्नी, भागूबाई, त्यांचं सामान न्यायला आल्या. चष्म्याचं घर, एक टेस्टर आणि स्वेटर. धनश्रीने त्यांना पडद्यावर काकांचं नाव दाखवलं.

"किती ठिकानी हाय?" त्यांनी विचारलं.

"सोळा हजार."

भागूबाईंनी स्वेटरची घडी केली. "घरातला एक बल्ब बदलायला चार दिस लावायचे," त्या म्हणाल्या. धनश्री हसली नाही. पण तिने त्यांच्यासाठी चहा मागवला आणि ती स्वतःही प्यायली. जानेवारीपासून तिचा चहा माझ्या शेजारी गारच होत आला होता.

आता नकाशा नव्या संगणकात गेला आहे. मला भंगारात दिलेलं नाही, पण फारसं कुणी सुरूही करत नाही. धनश्री रोज दुपारी तासभर बाहेर असते. आपल्या नावावरची यंत्रं एकेक करून बघून येते. परत येते तेव्हा तिच्या हातांना धूळ असते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादं यंत्र हळू चालू लागलं तर त्याला लगेच म्हातारं म्हणू नका. ते कोणाच्या उत्तरासाठी खोळंबलं आहे, ते आधी बघा. आणि तुमच्यातलं कुणी गेलं, तर त्याचं नाव पुसण्याआधी त्याची कामं कोण बघणार ते ठरवा. आम्हाला कुणी काही सांगत नाही. आम्ही विचारतच राहतो.