हवा मानवेल असं गाव

मुलं आईसाठी गाव निवडायला बसली होती आणि आई पलंगावर उशीला टेकून त्यांचा तमाशा बघत होती.

झालं होतं ते एवढंच, की न्यूमोनियाने तिला आडवं पाडलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आजी, आता एकटं राहायचं नाही. आणि फार थंडी नको, फार उकाडा नको. हवा मानवेल अशा ठिकाणी राहा." बिचारे सहज बोलून गेले. पण तिच्या दोन्ही मुलग्यांनी 'एकटं राहायचं नाही' हे या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं आणि हवा तेवढी घट्ट धरून ठेवली. चौथ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या महिनाअखेरीला रिकाम्या करायच्या, हे घरमालकाला कळवूनही झालं होतं. सामान बांधायचं होतं, पण ते कुठे पाठवायचं याचा पत्ता नव्हता.

आईने सगळी नोकरी शर्टांच्या कारखान्यात केली, शेवटच्या टेबलावर. तयार शर्ट तिच्यापुढे यायचा. ती तो उलटा करायची, शिवण ताणून बघायची आणि खोट सापडली की लाल खडूने फुली मारायची. कारखान्यात तिला 'खडूबाई' म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. "पुढून सगळेच शर्ट चांगले दिसतात," असं ती म्हणायची. नोकरी संपली, खडू सुटला, पण नजर कुठे जाते? ती सुनांवर, जावयावर, शेजाऱ्यांवर, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या मुलीवर फुल्या मारत राहिली. आज तर सगळा मालच समोर येऊन बसला होता.

थोरला विमा कंपनीत होता. त्याने लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. "तीस वर्षांचे आकडे काढलेत मी," तो म्हणाला. "सरासरी, कमाल, किमान, सगळं. भावनेच्या भरात काही ठरवायला नको."

आईच्या मनात आलं, गाढवा, तीस वर्षांचे आकडे काढायला तुला वेळ मिळाला आणि दवाखान्यात यायला एक दुपार मिळाली, तीही परतीचं तिकीट खिशात ठेवून.

"आमच्याकडची थंडी आईंना झेपायची नाही," थोरली सून म्हणाली. नवऱ्याने सुरुवात केली की वाक्य पुरं करायचं, अशी त्यांच्यात वाटणीच झालेली होती. "नळातलं पाणी गोठतं हो सकाळी."

हे थोरल्याचं गाव डोंगरात होतं. गेली कित्येक वर्षं हा माणूस कुटुंबाच्या ग्रुपवर रोज धुक्याचा फोटो टाकत होता. भर उन्हाळ्यात आम्ही पांघरूण घेतो, तुम्ही कसे राहता त्या भट्टीत, असं विचारत होता. आता त्याच गावाची हवा एकाएकी जीवघेणी झाली होती.

"मागच्या महिन्यात तू पहाटे टेकडीवर पळतानाचा फोटो टाकला होतास," आई म्हणाली. "अर्ध्या चड्डीत."

"मी पळत असतो ना आई, त्यामुळे अंगात ऊब येते. तू थोडीच पळणार आहेस?"

काही उत्तरं इतकी मूर्ख असतात, की त्यांना उत्तर देताना आपलीच लाज वाटते. आईने शाल सारखी केली.

धाकटा मात्र मूग गिळून बसला नव्हता. त्याचं गाव समुद्राकाठी. घर घेतलं तेव्हा त्याने गच्चीतून फोन लावून आईला वारा ऐकवला होता. "पंखासुद्धा लावत नाही आम्ही," असं म्हणाला होता. तो आता खुर्ची पुढे ओढून बसला.

"दादा, थंडीचं काय घेऊन बसलास? हीटर लाव, विषय संपला. आमच्याकडचा दमटपणा बघ. कपाटातल्या चपलांना बुरशी येते. आईची फुप्फुसं आहेत ती, चपला नाहीत."

"आकडा सांग."

"त्रेपन्न."

"त्रेपन्न?" थोरला लॅपटॉपवर वाकला. "इथे छत्तीस दिसतंय. तेही एकाच दिवशी."

"जाणवणारं तापमान सांगतोय मी."

"कुणाला जाणवलं?"

"मला जाणवलं! तू आहेस का तिथे?"

"मग मीही जाणवणारं लावतो की. आमच्याकडे उणे नऊ."

धाकटा उठून थोरल्याच्या पाठीमागे गेला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हा आकडा बघ कुठला आहे. डोंगराच्या टोकावरच्या वेधशाळेचा. आणि सालही बघ, तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता. तू काय टोकावर राहतोस?"

"थंड हवा खाली उतरते."

"मग आमचाही समुद्र वर चढतो!"

आईने दोघांना आळीपाळीने पाहिलं. जन्मभर हे दोघे एकमेकांवर कुरघोडी करत आले. माझी सायकल मोठी, माझे मार्क जास्त, माझं घर हवेशीर. आज पहिल्यांदा ते माझं घर वाईट म्हणून भांडत होते आणि हरायला दोघेही तयार नव्हते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर उणे नऊ अंशांचं चांदणं पडलं होतं. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा ना. त्याला छाती लागते. ती यांच्याकडे कुठून असणार, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेवढ्यात हा आड म्हणजे आपणच, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तो विचार घाईघाईने बाजूला केला.

लेक पलंगाच्या पायथ्याशी बसून आईची औषधं डब्यात भरत होती. सकाळची इकडे, रात्रीची तिकडे. तिचं आणि जावयाचं नळ-पाइपांचं दुकान होतं. ते दुकान नवऱ्यावर टाकून ती सगळं दवाखान्यातलं आजारपण आईच्या उशाशी बसली होती. तिचं गाव सपाटीवरचं, साधं, त्यात बघण्यासारखं काही नाही. तिने त्या हवेची कधी बढाई मारली नव्हती आणि आज तक्रारही केली नव्हती.

"ताईच्या गावाचं बघू," धाकटा एकदम मवाळ झाला.

थोरल्याने आकडे वर-खाली केले. त्याचा चेहरा उजळला. "अरे! उन्हाळा बेताचा. थंडी बेताची. दिवस आणि रात्र यांत फरकही फारसा नाही. तिन्हींत हे सर्वांत चांगलं. निर्विवाद."

"मी म्हणतच होतो," म्हणाला धाकटा, जो असं काही म्हणत नव्हता.

"किती छान झालं," थोरली सून म्हणाली. "आणि आई, शेवटी लेकीची माया ती लेकीची माया."

तिघेही इतके खूश झाले, की जणू ते गाव त्यांनीच वसवलं होतं. सून चहा टाकायला उठली. घोडं कुठे पेंड खात होतं ते आईला केव्हाच कळलं होतं, पण इतक्या निर्लज्जपणे ते लेकीच्या दारात नेऊन बांधतील असं तिला वाटलं नव्हतं. तरी आतून तिला सुटल्यासारखंही झालं. लेकीकडेच जायचं होतं तिला. मुलांची ती खटपट संपेपर्यंत कशीबशी थांबली होती, एवढंच.

लेकीने डब्याचं झाकण लावलं.

"आई, माझ्याकडची हवा चांगली आहे," ती म्हणाली. "मलाच तू नको आहेस."

मग थोरल्याला कंठ फुटला. "अगं! आजारी आहे ती! आईला असं बोलतात का?"

"एवढं केलं आईने आपल्यासाठी," धाकटा म्हणाला. "लाज वाटायला हवी."

"गप्प बसा दोघं," आई म्हणाली. "तुम्ही तेच बोललात मघापासून. फक्त अंशांमध्ये."

आई लेकीकडे वळली. तिचा आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला. "का गं?"

"मागच्या वेळी तू आठवडाभर राहिलीस," लेक म्हणाली. ती रडत नव्हती, हिशेबाचं बोलावं तशी बोलत होती. "माझ्या मुलीने तुला चित्र दाखवलं. तू ते उलटं करून उजेडात धरलंस आणि म्हणालीस, खोडून खोडून कागद झिजलाय. ती अजून मला विचारते, आजी येणार आहे का? आणि तू येणार असलीस की वह्या लपवून ठेवते. मी कपडे वाळत घालते तर तू बघतेस. हे दुकानातून उशिरा आले तर तू घड्याळाकडे बघतेस, काही बोलत नाहीस. तू आलीस की आम्ही आमच्याच घरात चोरासारखे वावरतो. दादाचं आणि याचंही तेच आहे, आई. ते फक्त बोलत नाहीत."

थोरला लॅपटॉपकडे बघत राहिला. धाकट्याने नख खाल्लं.

कागद झिजला होता हे खरंच होतं. आईला तो स्पष्ट आठवला. वरच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात. त्या वेळी, या वयातही आपल्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून तिला बरं वाटलं होतं. चित्र कशाचं होतं ते काही केल्या तिला आठवेना. मुलं आळशी आहेत, भित्री आहेत, बायकांच्या आणि पैशांच्या तालावर नाचतात, असं तिने मनात पक्कं करून ठेवलं होतं. ती तशी असतीलही. पण तिघेही एकाच गोष्टीपासून पळत होते, आणि ती गोष्ट पलंगावर शाल गुंडाळून बसली होती. तिला भीती वाटली. दवाखान्यात श्वास अडकला होता तेव्हाही वाटली नव्हती, इतकी.

"म्हणजे येऊ नको म्हणतेस," ती म्हणाली.

"तसं नाही म्हणत. ये. मी सगळं करीन तुझं, कशात कमी पडू देणार नाही. पण मला हौस नाही, हे ऐकून घेऊन ये. हवेचं निमित्त करून बोलवायचं नव्हतं मला तुला."

सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. तिला आत यावं की मागे जावं ते कळेना.

"कुठे झोपवशील?" आईने विचारलं.

"मागच्या खोलीत. दुकानाचं सामान असतं तिथे. अर्धं हलवू, अर्धं राहील. खिडकी एकच आहे आणि समोर भिंत आहे."

वाक्य आईच्या जिभेवर तयार होतं. फुटक्या नळांमध्ये आणखी एक जुना नळ, भिंतीकडे तोंड करून. झकास वाक्य होतं. थोरला नक्की हसला असता, धाकट्याने ते पुढे चार ठिकाणी सांगितलं असतं. लेक तिच्याकडे बघत होती. मार बसणार हे माहीत असलेल्या पोरासारखे तिचे खांदे थोडे वर आले होते. केस कानांवर पांढरे झालेल्या, दुकान चालवणाऱ्या बाईचे खांदे. किती वर्षं ते असे वर येत होते कोण जाणे. आईने ते आज पाहिले.

"चालेल," आई म्हणाली.

लेकीचे खांदे खाली आले नाहीत. पुढे काय येतंय म्हणून ती तशीच थांबून राहिली.