गाडीपाशी बसलेला माणूस

देवेशने गाडी घेऊन दिली तेव्हाच मी म्हटलं होतं, ज्या गाडीला चावी फिरवावी लागत नाही ती माझ्या कामाची नाही. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या मुलाला बापाचं म्हणणं कशाला पटतंय? "पप्पा, चावी नुसती खिशात ठेवायची. हॅन्डलवरचं काळं बटण दाबलं की गाडी लॉक," एवढं सांगून तो मोकळा झाला.

गेल्या रविवारी ती गाडी घेऊन मी एकटाच डहाणूहून तलासरीकडे निघालो. हायवे सोडून आत चार किलोमीटरवरच्या पाड्यावर कविताचा सत्कार होता. कविता माझी विद्यार्थिनी. होस्टेलला राहून शिकली, नर्स झाली, सरकारी दवाखान्यात लागली. त्या पाड्यातली पहिलीच. दहावीला मी तिचा वर्गशिक्षक, म्हणून प्रमुख पाहुणाही मीच. भाषण घरी दोनदा म्हणून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा ऐकायला बायकोने साफ नकार दिला.

मांडवापासून बरीच लांब, चिंचेखाली गाडी लावली आणि बटण दाबलं. कुईक आवाज झाला, आरसे मिटले. खात्री करायला हॅन्डल ओढलं तर दार उघडलं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा कुईक, पुन्हा ओढलं, पुन्हा दार उघडं. असं पाच-सहा वेळा झालं. मी घराच्या कुलपालाही लोंबकळून बघणारा माणूस. दार उघडं राहतंय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. देवेशला फोन लावला.

तेवढ्यात एक माणूस जवळ आला. पायात काही नाही, पण सदरा नवाकोरा, पाकिटातल्या घड्या तशाच. त्याने नमस्कार केला, काही सांगायला तोंड उघडलं. मी हातानेच त्याला गप्प केलं.

"पप्पा, लॉक बिघडलेलं नाही," देवेश सांगत होता. "चावी तुमच्या खिशात आहे, म्हणून तुम्ही ओढलंत की ते उघडतंच. चावी कुणाच्या तरी हातात द्या, त्याला वीस पावलं लांब पाठवा आणि मग ओढून बघा."

मी त्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याकडे, पायांकडे. नवी गाडी, अनोळखी पाडा.

"अरे, इथे कुणी नाहीये," मी फोनवर म्हणालो.

तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याने ऐकलं. मान जरा खाली घातली, बस्स.

फोन ठेवून मी त्यालाच म्हणालो, "ए, जरा इथे बस. गाडी लॉक होत नाहीये. मी येईपर्यंत हलू नको."

"बरं, सर," म्हणून तो चाकाशी बसला. चावी द्यायला माणूस नको होता, राखणीला मात्र चालला. हा हिशोब तेव्हा मला जराही विचित्र वाटला नाही. बॅग काखोटीला मारून मी मांडवात गेलो.

भाषण झकास झालं. इथली माणसं सोन्यासारखी, इथल्या दारांना कुलपं नाहीत, असं मी घसा ताणून सांगितलं. टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! मग सूत्रसंचालन करणारा पाड्यावरचा संदीप माईकवर म्हणाला, "आता कविताच्या आईवडिलांचा सत्कार सरांच्या हस्ते. हिरीबाई आणि रघुभाऊ, वर या."

हिरीबाई आली, खुर्चीवर अंग चोरून बसली. शेजारची खुर्ची रिकामीच. संदीपने तीनदा नाव पुकारलं. शेवटी बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "रघ्या सरांचे गाडीपाशी बसलाय. बोलवाया गेलती मी, येत नाय. सरांनी हलू नको सांगलाय."

मी तेव्हाच उठायला हवं होतं. 'गाडी गेली खड्ड्यात, मी त्यांना घेऊन येतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण शे-दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी हातातल्या शालीची घडी सारखी करत राहिलो. संदीपने वेळ सांभाळून घेतली. हिरीबाईला शाल-नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, "सर, मोकळी खुर्ची बरी दिसत नाही. तुम्हीच बसा ना."

मी बसलो. त्याचा फोटो आहे.

कविता फोटोत हसली नाही. स्टेजवरून उतरली, उरलेली शाल आणि नारळ उचलून तडक चिंचेकडे चालू लागली. मी मागोमाग.

"गाडीला काय झालंय, सर?" तिने चालता चालता विचारलं. मी सांगितलं, देवेशने काय करायला सांगितलं तेही सांगितलं. तिने हात पुढे केला. मी पुन्हा बटण दाबलं, कुईक झालं, आणि चावी तिच्या हातात दिली. ती घेऊन ती लांब कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. "ओढा, सर."

ओढलं. दार हललं नाही. पुन्हा जोर लावला. गाडी पक्की बंद होती.

रघुभाऊ उठून सदरा झटकत होता. कविता परत आली, तिने बापाच्या खांद्यांवर शाल घातली. "बाबा, तू कशाला बसलास? मी कविताचा बाप हाय, एवढं तरी सांगायचं."

"सरांनी इचारला नाय," तो साधेपणाने म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छत्तीस वर्षं वर्गात पोरांना माफी मागायला लावली, पण आपली वेळ आली तेव्हा जीभ उचलेना. मोठ्या मुश्किलीने म्हणालो, "रघुभाऊ, माझं चुकलं."

"नाय नाय, सर," तो घाईने म्हणाला. त्याला वाटलं मी बटणाबद्दलच बोलतोय. "नवी गाडी हाय. पहिल्यांदा कळत नाय माणसाला."

कविताला मात्र कळलं होतं. तिने चावी माझ्या हातात ठेवली, "जेवून जा, सर," म्हणाली आणि बापाचा हात धरून पुढे निघाली.