फुंकर मारलेल्या पेट्या

पडद्यावर सिनेमाला आशीर्वाद द्यायला आलेल्या महाराजांच्या डोक्यावरून पांढरं तेज सरकलं आणि अख्खं युनिट खुर्च्यांवरून उठून उभं राहिलं. परवाचं चित्रीकरण नुकतंच धुऊन आलं होतं. तेज यायचं, विरायचं, पुन्हा यायचं. निर्मात्यानं तर चपलाच काढल्या.

"तेज वरचं आहे, बाळांनो," महाराज म्हणाले, "आम्ही नुसती तार!"

तारेला शाल मात्र रेशमी लागायची.

मागच्या रांगेतली फ्रीजवाली तेज किती वेळानं परत येतं ते मोजत होती. कोऱ्या फिल्मचे डबे सांभाळणं हे तिचं काम. त्या फ्रीजमध्ये ती कुणाला पाण्याची बाटलीही ठेवू देत नसे, म्हणून हे नाव. परवाची फिल्म ज्या पेट्यांतून आली, त्याच पेट्यांतल्या फिल्मवर आज दुपारी सिनेमात काम करणाऱ्या तिच्या मावशीचं शेवटचं दृश्य घ्यायचं होतं. उद्या मावशीच्या जबड्याचं ऑपरेशन होतं आणि चेहरा पूर्वीसारखा राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"पुढचं दाखवा," ती म्हणाली.

पुढे तेज रिकाम्या खुर्चीवर आलं. मग मध्येच घुसलेल्या एका कुत्र्याच्या डोक्यावर आलं.

"हेही सिद्धपुरुष का?" कुणीतरी खिदळलं.

फ्रीजवाली त्या पेट्या विमानानं आणणाऱ्या महाराजांच्या शिष्याकडे वळली. "पेट्यांवर मी लिहिलं होतं, यंत्रात घालू नका, हातानं तपासा. तपासल्या ना?"

"छे! महाराजांनी फुंकर मारलेल्या पेट्यांना परका हात?" शिष्याची छाती फुगली. "सरळ विमानतळावरच्या सामान तपासायच्या यंत्रात घातल्या. दोनदा!"

तिनं औषधपेटीतली बँडेजची गुंडाळी आणली, वरून लाल शाई ओतून आत झिरपू दिली आणि सगळ्यांसमोर उलगडली. डागामागून डाग.

"यंत्राचे क्ष-किरण असेच फिल्मच्या गुंडाळीतून आरपार जातात. प्रत्येक वेढ्यावर एक डाग. आतले वेढे लहान, म्हणून डाग जवळजवळ येत जातात. तुमचं तेजही शेवटी घाई करतं. मोजा."

मोजलं. तसंच निघालं. महाराजांना अचानक जपाची वेळ आठवली.

"उरलेले डबे उघडून बघू," निर्माता म्हणाला.

"उघडले की उजेड लागून तेही वाया जातील. आणि बघायचं काय? सगळे एकाच यंत्रातून आलेत."

"दुसरी फिल्म?"

"दोन दिवस लागतील."

निर्मात्यानं कॅमेऱ्यात तीच फिल्म घालायला सांगितलं. दुपारी त्याच फिल्मवर दृश्य घेतलं. मावशीनं एका दमात असं काम केलं, की दिवे धरणाऱ्यांचेही डोळे भरून आले.

"नीट येईल ना गं?" मावशीनं विचारलं.

"नाही, मावशी. डागांसकट येईल."

मावशीनं गालावरून हात फिरवला. "मग फुंकर मारली त्या दिवशीच कुणी का बोललं नाही?"

फ्रीजवालीला रडू फुटलं. त्या दिवशी शिष्य पेट्या घेऊन निघाला, तेव्हा हा पेट्या हातानं तपासू देईल का, अशी तिला शंका आली होती. पण सगळे हात जोडून उभे होते, म्हणून तीही उभी राहिली.

तेव्हा सांगणं एवढंच: शंका आली की तिथल्या तिथे विचारा, समोर कुणीही बसलेला असो. उशिरा विचारलं तरी खरं कळतं, पण तोवर हातात काही उरलेलं नसतं.