ओट्यासमोरची भिंत

बारामतीतल्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते. दर वेळी कोऱ्या पानापासून कोण सुरुवात करणार? म्हणून मी एक टेम्प्लेट करून ठेवलंय. फाइल उघडली की भिंती, दारं, ओटा सगळं आयतं येतं. मापं तेवढी बदलायची. तीन वर्षांत त्यातून साठेक घरं निघाली.

परवा कऱ्हाटीचे सोपानराव त्यांच्या घराचा नकाशा बघायला आले. आईला, कुशाबाईंना, डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून त्याही सोबत होत्या. एरवी नकाशा बघायला बायका येत नाहीत.

स्वयंपाकघर दाखवलं तेव्हा कुशाबाईंनी विचारलं, "ओट्याम्होरं काय हाय?"

"भिंत."

"खिडकी न्हाय व्हय? चाळीस वर्सं भिताडाकडं तोंड करून भाकऱ्या थापल्या. रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं, कधी दिसलं न्हाय."

सोपानराव म्हणाले, "आये, कधी बोलली न्हाईस."

"कुणी इचारलं?"

मी नकाशात ओट्यासमोर खिडकी टाकून दिली. ते गेल्यावर मात्र हात चालेना. साठ स्वयंपाकघरांत तीच भिंत होती, मीच घातलेली. मग मी टेम्प्लेट उघडलं, तिथंही ओट्यासमोर खिडकी टाकली आणि सेव्ह केलं.

संध्याकाळी साहेबांच्या ते लक्षात आलं. "श्रेया, ही खिडकी कुणी मागितली? एखाद्याला नको असली तर?"

"ज्याला नको असेल तो येऊन सांगेल," मी म्हणाले. "जिला हवी असते, तिला इथवर कुणी आणत नाही."