डावीकडची हाक

मी पायाला पॅड आवळत होते, तेवढ्यात अनघा धावत आली आणि कानाशी लागली. "ताई, इंदूताईची आई आलीय."

"कुठे?"

"तुझ्या गोलामागे बसलीय."

माझ्या हातातला पट्टा सुटला. हॉकी लीगचा शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी आम्ही टिकणार होतो, हरलो तर पुढच्या वर्षी खालच्या गटात. पण पट्टा सुटला तो त्यामुळे नाही. इंदूची आई, भामाबाई, हाकेच्या अंतरावर बसणार आणि माझं तोंड माझ्या ताब्यात नाही, त्यामुळे सुटला.

आमच्या डाव्या बाजूची बचावपटू इंद्रायणी, म्हणजे इंदू, श्रावणात गेली. नवलाख उंबऱ्याच्या एका कंपनीत आम्ही दोघी एकाच पाळीला. मी पार्ट तपासायचे, ती पॅकिंगला. सुटीला पवन मावळात घरी निघाली होती, जुन्या हायवेवर ट्रेलरने तिच्या स्कूटीला उडवलं. हॉकीत सात वर्षं ती माझ्या डाव्या हाताला उभी होती. गोलकीपरला सगळं मैदान दिसतं, पुढच्यांना पाठीमागचं दिसत नाही, म्हणून गोलकीपरने सतत ओरडायचं असतं. मी तर मुळातच भांडकुदळ. 'इंदे, मागे बघ', 'इंदे, झोपलीस का', तासभर तोंडाचा पट्टा चालू. तीही न वळता म्हणायची, "ऐकतेय गं बाई, बहिरी नाही मी."

तिच्या जागी अनघा आली. तळेगावची, कॉलेजातली, एकोणीस वर्षांची. पहिल्याच सामन्यात डावीकडून चेंडू आला आणि मी जीव खाऊन ओरडले, "इंदे, डावीकडे!" अख्खा संघ जागच्या जागी थिजला. चेंडू आरामात गोलात गेला. अनघा रडायला लागली, कॅप्टन रडायला लागली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून मी तोंडात ते दात वाचवायचं रबर घालायला लागले. हेल्मेट असल्यावर त्याची तशी गरज नसते, पण ते चावून धरलं की धड शब्द फुटत नाही. पुढचे चार सामने मी मुक्याने खेळले आणि अकरा गोल खाल्ले. लोक म्हणायला लागले, सुनेत्रा चेंडूला घाबरते. चेंडूला कशाला घाबरू? लागला तर काळंनिळं होतं, आठवड्यात जातं. मी त्या नावाला घाबरत होते. कंपनीत मशीनच्या खडखडाटात, कुणी ऐकायला नसताना जरी ते जिभेवर आलं, तरी मी घटाघटा पाणी पिऊन टाकायचे. जलदान विधीनंतर तिच्या घरी एकदाही गेले नाही. भामाबाईंचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

आमचे कोच माधवराव सर देहूरोडच्या लष्करी डेपोतून रिटायर झालेले, बोलणं तोलूनमापून. शेवटच्या सामन्याच्या सकाळी एवढंच म्हणाले, "सुनेत्रा, मुकी गोलकीपर मला परवडत नाही. आज तोंड उघड, नाहीतर दुसरी उभी करतो."

मी गोलात गेले. जाळीमागे भामाबाई डोक्यावर पदर घेऊन, मांडी घालून बसल्या होत्या. अंपायर त्यांना समजावत होता, मावशी, इथे चेंडू लागेल, मंडपात बसा.

"मंडपात नगं," भामाबाई म्हणाल्या. "पोर म्हनायची, गोलाजवळच असती मी. हितनंच बगते."

शेवटी त्याने त्यांना खांबापासून दहा पावलं बाजूला बसवलं. बसवलं तेही डावीकडे. माझी मान तिकडे वळेना.

हाफटाइमला एक-एक बरोबरी होती. रबर चावत मी 'डावी', 'उजवी' असं काहीतरी गुरगुरत होते. सरांनी मला काढलं नाही, नुसतं बघितलं. गोल बदलले, मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. म्हटलं सुटले. तर भामाबाई पिशवी उचलून, अख्ख्या मैदानाला वळसा घालून आल्या आणि पुन्हा माझ्या डाव्या हाताला बसल्या.

चार मिनिटं उरली असताना समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू सणसणत आला. मी आडवी पडले, तो पॅडला लागून डावीकडे उडाला, आणि आपटले तशी तोंडातलं रबर बाहेर पडलं. चेंडू अनघाच्या पायाशी. तिची पाठ माझ्याकडे. निळ्या जर्सीतली एक पोरगी तिच्या मागून धावत येत होती आणि अनघाला पत्ता नव्हता.

"इंदे, मागे! इंदे!"

अनघा गर्रकन वळली, स्टिक जमिनीला टेकवली आणि चेंडू मैदानाबाहेर धाडला. नंतर तिला विचारलं, तू वळलीस कशी? म्हणाली, "आता कळतं मला. ते नाव म्हणजे मीच."

शिट्टी झाली. एक-एक. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी गोलातच उभी राहिले. भामाबाई उठून माझ्याकडे येत होत्या. पळावं तर पायात ही एवढी पॅडं.

"मावशी," मीच आधी बोलले, "चुकून आलं हो तोंडातून. माफ करा."

त्यांनी माझ्या हेल्मेटच्या जाळीला हात लावला.

"म्या फोन केल्ता तुला. उचलला न्हाईस."

"हो."

"चार म्हैनं झालं. घरात कोन तिचं नाव घेत न्हाई. तिचा बाप 'ती' म्हनतो. शेजारनी 'तुमची थोरली' म्हनत्यात. मला वाईट वाटंल म्हनून. म्या एकलीच गोठ्यात जाऊन म्हनते, इंदे, ए इंदे. पर आपल्याच तोंडानं हाक मारून काय व्हतंय? दुसऱ्या कुनी मारावी लागती."

मला हुंदका आवरेना. त्या मात्र रडत नव्हत्या. पदर सारखा करून त्यांनी विचारलं, "पुढली मॅच कदी हाय?"

"झाल्या, मावशी. आता पुढच्या वर्षी."

"मंग सराव तरी असंल की."

"असतो. मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी साडेआठला."

"कुनी बगाया आलं तर चालतं का?"

"चालतं," मी म्हणाले.

गुरुवारी त्या पहिल्या एस.टी.ने आल्या. थंडी होती. गोलाच्या डावीकडे पोतं अंथरून बसल्या, हाक नीट ऐकू यावी म्हणून कानावरचा पदर मागे सारला. सरांनी पोरींना हल्ला चढवायला सांगितलं. तोंडात रबर नव्हतं. चेंडू डावीकडून आला आणि मी जीव खाऊन ओरडले, "अनघा, मागे!"

अनघाने चेंडू अडवला. सर म्हणाले, "शाब्बास सुनेत्रा, आता बरोबर."

मी डावीकडे, भामाबाईंकडे, बघितलं नाही.