भोकातली भित्री वीट

मित्रांनो, विटा शूर असतात असं तुम्हांला कोणी सांगितलं असेल, तर त्याने मला पाहिलेलं नाही. मी एक जुनी, आखूड, काळवंडलेली वीट आहे आणि जन्मापासून आगीला भिते. नोकरी मात्र आगीतच लागली.

डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर, समुद्राकडे पाठ करून, कुंभारांची एक सामाईक भट्टी उभी आहे. तिच्या दारात मुठीएवढं भोक आहे, आत डोकावण्यासाठी. त्या भोकाचं मी बूच. तोंड आगीत, पाठ गार वाऱ्यात. एका हिवाळ्यात माझ्या पाठीवर बर्फ धरला होता आणि त्याच वेळी तोंडाला घाम फुटला होता. खोटं वाटत असेल तर शेजारच्या विटेला विचारा. तीही माझ्याइतकीच खरं बोलते.

मला डाग्नीने घडवलं. तेव्हा बेटावरचे कुंभार आपापल्या खोपटात एकेकटे राबत. डाग्नीने सगळ्यांना विटा वाहायला लावल्या. "एकट्याला सरपण पुरत नाही आणि गप्पाही पुरत नाहीत," ती म्हणायची. तिने एक रीत घालून दिली. दर वेळी भट्टी लावताना आतली एक फळी रिकामी ठेवायची. ज्याला भट्टी नाही, नाव नाही, ओळख नाही, अशा नवख्याची भांडी तिच्यावर लागणार.

त्या फळीवर पहिला आला लाल केसांचा एक तरुण, आस्गर. त्याच भट्टीत एक भांडं फुटलं. भट्टी उघडल्यावर डाग्नी आत शिरली, तुकडे एप्रनच्या ओच्यात घालून बाहेर आली आणि म्हणाली, "माझंच. घाई नडली." मी आतून सगळं पाहिलं होतं. पण विटेला विचारतो कोण?

पुढे डाग्नी गेली, आस्गरचे लाल केसही गेले. त्याची ताटं मात्र दूरवर नावाजली. मग एकदा एका नवख्याचं भांडं फुटलं आणि त्याने तिघांची वर्षाची मेहनत बरबाद केली. आस्गर भडकला.

"ही फळी म्हणजे धर्मशाळा झालीय!"

विबेके, त्याची जुनी सोबतीण, कॉफी ओतता ओतता म्हणाली, "तूही त्याच धर्मशाळेतून आलास, टकल्या."

"मी नीट वाळलेली भांडी घेऊन आलो होतो! ते काही नाही. पुढच्या वेळी नवख्याचं फुटलं, तर फळी कायमची बंद."

बाकीच्यांनी कॉफीचे कप तोंडाला लावले. म्हणजे ठरलं.

पुढच्या वेळी आली सिसेल. दिवसभर ती मासळी धुरवायच्या कामावर असे आणि घरी स्वयंपाकाच्या टेबलावर भांडी घडवी. तिने पाण्याचा एक मोठा जग आणला होता, त्याची मूठ चांगली जाड. आठवडाभर धुकं होतं, काही म्हणजे काही वाळत नव्हतं. आमच्याकडे भांडं गालाला लावून पाहतात. गार लागलं तर आत ओल आहे. सिसेलने जग गालाला लावला. पण धुक्यात चालत आलेला तिचा गालच बर्फासारखा होता! दोघंही सारखेच गार, मग तिला कळणार कसं? जग फळीवर चढला.

मित्रांनो, त्या दिवशी मी जेवढी भ्याले तेवढी कधीच भ्याले नाही. मंद जाळ लागला आणि जगाच्या मुठीपाशी वाफेची बारीक रेघ उठली. मला ओरडावंसं वाटलं. सिसेलने मला ओढून आत डोकावलं. तिला फक्त धूर दिसला. तिने मला परत बसवलं.

आणि आवाज झाला. ठप्प!

तुकडे उडाले ते नेमके आस्गरच्या थोरल्या ताटात. हेच ताट कोपनहेगनच्या प्रदर्शनाला जायचं होतं.

बाहेर आस्गर हळूच म्हणाला, "उघडल्यावर तळाचे शिक्के बघू. मग कळेल कोणाचं ते."

जाळ थांबवता येत नव्हता. सिसेल लाकडं सारत राहिली, चेहरा पांढराफटक. विबेकेने काळा पाव आणि धुरावलेली हेरिंग पुढे केली. "खा गं काहीतरी."

"मासळी पाहिली की कामावर आल्यासारखं वाटतं," सिसेल म्हणाली. हसायला गेली, पण हसू आलं नाही.

आत पांढरा उजेड झाला, तेव्हा आस्गरने मला ओढलं आणि बराच वेळ पाहत राहिला. उजेडात सगळं स्पष्ट होतं. ताटात चिकटलेली ती जाड मूठ, बाजूला फुटका जग. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. धुराने असेल. त्याने मला इतक्या हळू बसवलं, की मी जास्तच घाबरले. आता हा ओरडणार, फळी जाणार.

पण त्याने दोन लाकडं उचलून सिसेलच्या हातात दिली.

भट्टी निवली, विटांनी चिणलेलं दार फोडलं. आस्गर एकटाच आत शिरला. सिसेल डोळे मिटून उभी होती. तो बाहेर आला, एप्रनच्या ओच्यात तुकडे घेऊन.

"कोणाचं?" विबेकेने विचारलं.

"माझंच. घाई नडली."

त्याने तुकडे वाटेवर टाकले आणि लाकडी खडावांखाली शिक्क्यासकट चुरले.

"पण आस्गर, ते तर..." सिसेल पुढे आली.

"झाडू घे, पोरी. नवख्याने झाडायचं असतं." मग जवळ येऊन पुटपुटला, "धुक्यात गाल दगा देतो. ओठ लावून बघत जा."

हेच शब्द डाग्नीने त्याला सांगितले होते, पहिल्या भट्टीच्या दिवशी. तेव्हा फुटलेलं ते भांडं त्याचंच होतं.

खोटं बोलू नये, मुलांनो. तुमचे गुरुजी सांगतात ते बरोबरच आहे. मी तरी कुठे बोलते! पण फळी अजून आहे, आणि दर भट्टीला नवख्यासाठी रिकामी ठेवतात. आता तिच्यावर कोणाची भांडी लावायची ते सिसेल ठरवते आणि आधी प्रत्येक भांड्याला ओठ लावते.

तुमच्याही घरात अशी एक फळी ठेवा. आणि कधी आमच्याकडे आलात, तर मला ओढताना जरा सांभाळून. एक तडा नाकापर्यंत आलाय, आणि परवा भट्टी पेटणार आहे. मला आत्तापासूनच धडकी भरली आहे.